कण्याचा क्षयरोग : चित्र लवकर, सुई त्याच्या मागोमाग

छत्रपती संभाजीनगरात परिषद भरली की स्वागताध्यक्षाने वेरूळ-अजिंठ्यापासून हिमरू शालीपर्यंत शहराचे गुणगान करावे, असा रिवाज आहे. ते काम पर्यटन खात्याच्या पत्रकांवर सोपवून मी विषयाकडे वळतो. १९५६ साली सुरू झालेले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय म्हणजे मराठवाड्याची ‘घाटी’. सगळे उपाय थकले की माणसे घाटीची वाट धरतात. कण्याचा क्षयरोगही बहुधा असाच उशिरा हाती लागतो आणि या उशिराचे एक कारण आपल्या तपासणीच्या क्रमात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या भागात पाठदुखीला कोणी आजार मानत नाही. ऊसतोडीला गेलेल्या माणसाने मोळ्या वाहिल्या, बाईने दिवसभर निंदणी-खुरपणी केली, मग पाठ धरणारच, असे घरचे म्हणतात. आणि खरे सांगायचे तर डॉक्टरही तेच म्हणतात. गोळ्या, मलम, कमरेचा पट्टा यांत महिने जातात. मग साधा एक्स-रे निघतो आणि तो ‘नॉर्मल’ येतो. मणक्यातील खनिजांचा सुमारे ३० ते ५० टक्के भाग नाहीसा होईपर्यंत एक्स-रेमध्ये झीज नीट दिसत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि ओपीडीत विसरतो. शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली पाठीचे कुबड आणि पायांतले बळ जाणे यांचा संबंध मांडला. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, म्हणून त्यांना कुबडाची वाट पाहावी लागली. आपल्याला तशी सक्ती नाही. हाड ढासळण्याआधीच मज्जेतली सूज, चकतीलगतच्या कडांचा बदल, अस्थिबंधाखालून खाली-वर सरकणारा पू, सोआस स्नायूतले गळू आणि मज्जारज्जूवरचा दाब एमआरआयमध्ये दिसतो. दुखतो त्या मणक्यापासून दूर दुसरीकडेही रोग असू शकतो, म्हणून संपूर्ण कण्याचे चित्र घ्यावे. हाडाचे तुकडे आणि गळवातील कॅल्शियम यांसाठी मात्र सीटी अधिक चांगला.

एमआरआय महाग आहे, रांग मोठी आहे, प्रत्येक पाठदुखीला तो कसा करायचा? हा आक्षेप रास्त आहे, पण प्रत्येक पाठदुखीला तो करा असे कोणी म्हणत नाही. महिना-दीड महिना उलटूनही न थांबणारे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, बारीक ताप, घटलेले वजन, वाढलेला ईएसआर, मणक्यावर बोट ठेवताच कळ किंवा चालताना अडखळणारे पाय, एवढ्या चाळणीतून थोडेच रुग्ण उरतात. त्यांच्यासाठी रांगेत जागा काढता येते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होणे तर सोडूनच द्यावे. कण्याच्या क्षयरोगातील सुमारे निम्म्या रुग्णांच्या फुप्फुसात काहीच सापडत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. जगातील सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात असताना चित्र ठरावीक साच्याचे दिसले की औषध सुरू करावे, सुई कशाला? अंदाज बहुतेक वेळा बरोबर येईलही. पण पू करणारे इतर जंतू, कर्करोगाच्या गाठी आणि जनावरे पाळणाऱ्या, कच्चे दूध पिणाऱ्या घरांतला ब्रुसेलोसिस हे याच चित्राशी मिळतेजुळते रूप घेतात. शिवाय रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध लागू पडेल की नाही, हे कोणतेही चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी नमुनाच हवा. सीटीच्या मदतीने नेमक्या जागी सुई गेली, तर सीबीनॅट ही जनुकीय चाचणी सुमारे दोन तासांत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. सोबत कल्चर आणि पॅथॉलॉजीही हवी. फुप्फुसाबाहेरील क्षयरोगाविषयीच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कलही नमुना मिळवण्याकडेच आहे. हाडात जंतू कमी असतात, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून रोग नाही असे होत नाही. तिथे चित्र आणि पॅथॉलॉजी यांचे वजन वाढते. आणि पाय झपाट्याने लुळे पडत असतील, तर सुईसाठी औषध किंवा शस्त्रक्रिया अडवून ठेवू नये, हेही तितकेच खरे.

उपचार सुरू झाल्यावर याच चित्राची दुसरी अडचण पुढे येते. रुग्णाचे दुखणे कमी झालेले, वजन वाढलेले, आणि पहिल्या काही महिन्यांतला एमआरआय मात्र आधीपेक्षा वाईट, असे घडते. तेवढ्यावरून औषध निकामी ठरवणे म्हणजे बऱ्या होत चाललेल्या माणसाला उगाच जड औषधांच्या फेऱ्यात टाकणे.

म्हणून या परिषदेकडे माझी एकच मागणी आहे. अहवालाच्या शेवटी ‘क्लिनिकली पडताळावे’ असे लिहून हात झटकण्याची आपल्याला सवय आहे (माझ्या रेडिओलॉजिस्ट मित्रांनी राग मानू नये). त्याऐवजी किती मणके धरले, मज्जारज्जूवर दाब किती, गळू कुठवर पोचले आणि सुई कोणत्या बाजूने घालणे सुरक्षित, या चार ओळी प्रत्येक अहवालात याव्यात. त्यांचा मराठवाड्यापुरता एक नमुना येथे बसून तयार करूया. परतीच्या गाड्यांना वेळ आहे.