मित्रकीटक आणि फवारणारे हात



गोदाकाठच्या या व्यासपीठावरून आम्ही बोनस, भरपाई आणि कामाचे तास यांवर बोलू, अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही बोलणार आहोत किड्यांवर. द्राक्षबागेत आणि पॉलीहाऊसमध्ये राबणाऱ्या मजुराच्या प्रकृतीचा प्रश्न अखेर किड्यापाशीच येऊन थांबतो, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि शेताच्या बांधावर झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव न आणता पाहिले-वाचले तेवढेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या एका बागेत मजुरीचा तंटा मिटवायला आम्ही गेलो होतो. जानेवारीचे दिवस. मण्यांत पाणी उतरू लागले होते आणि घडांवर पिठ्या ढेकूण माजला होता. ही कीड रस शोषते, अंगातून चिकटा सोडते, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि घड मातीमोल होतो. तिच्या अंगावर मेणकट पांढरे आवरण असते. औषध त्यावरून ओघळून जाते. उरलेली कीड खोडाच्या सुट्या सालीखाली दडून बसते. म्हणून फवाऱ्यावर फवारा. काढणी जवळ आली की औषधाचा अंश मण्यांत राहण्याची भीती, ती वेगळीच.

त्या मालकाने कोणाच्या तरी सल्ल्याने डबीतून ढालकिडे आणून सोडले होते. तीन आठवड्यांनी पाहतो तो घडांवर पांढऱ्या, केसाळ, पहिल्यापेक्षा मोठ्या अळ्या! "कीड दुप्पट झाली," म्हणून त्याने पंप भरायला सांगितले. तेव्हा विरळणी करणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, ती कीड बसून असते. ही तर तुरुतुरु चालते. ही दुसरीच हाय." मालकाने ऐकले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही ऐकले नाही. मजुरीचा आकडा ठरविण्यात गुंग होतो. फवारा झाला. पुढे एका कृषितज्ज्ञाने आम्हांला समजाविले की, त्या पांढऱ्या अळ्या म्हणजे ढालकिड्याचीच पिले होती. पिठ्या ढेकूण खाण्यासाठीच ती जन्मतात आणि दिसतातही त्याच्यासारखीच. आम्ही शत्रू समजून मित्राचा वंश बुडविला होता. त्या बाईचे डोळे बरोबर होते. मात्र बागेत त्या डोळ्यांना मोल नव्हते.

या ढालकिड्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोलीमस. मूळचा तो ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी त्याला हिंदुस्थानात आणले. ज्या कामासाठी आणला ते त्याच्याने झाले नाही. पण दक्षिणेत तो रुजला आणि पिठ्या ढेकणाचा वैरी ठरला. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवितात आणि त्यावर हा किडा पोसतात. बागेत हेक्टरी सुमारे ५००० भुंगेरे सोडण्याची शिफारस असते. सोडण्यापूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो. चिकट्याच्या लोभाने मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि भुंगेऱ्याला हाकलून लावतात. आमच्या धंद्यात अशा राखणदारांची आम्हांला चांगली ओळख आहे!

दुसरे उदाहरण पपईचे. २००८ साली कोईमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण दिसला. पुढे तो महाराष्ट्रातही आला. २०१० साली प्वेर्तो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणले, बंगळूरच्या संस्थेत वाढविले आणि मळ्यांत सोडले. जेथे ते स्थिरावले, तेथे कीड आटोक्यात आली.

बंदिस्त शेतीचा अनुभव याहून जुना आहे. १९२६ साली इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात एका बागाइतदाराला टोमॅटोवरील पांढऱ्या माशीची काही पिले काळी पडलेली दिसली. त्यांतून निघाली एक अगदी बारीक गांधीलमाशी. ती वाढवून बागाइतदारांना पुरविण्यात येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि ते काम मागे पडले. पुढे लाल कोळी औषधांना जुमानेनासा झाला, तेव्हा त्याच मंडळींना मित्रकीटकांची आठवण झाली.

हे आम्ही का सांगतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे निदान डोक्यावर आभाळ होते. आमच्या दिंडोरीकडच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये वरही कागद, बाजूंनाही कागद. फवारा हवेत तरंगत राहतो आणि सकाळी फुले तोडणाऱ्या बायका त्यातच शिरतात. जो फवारा टळला, तेवढे विष त्यांच्या छातीत जायचे वाचले.

मित्रकीटक म्हणजे जादू नव्हे. केवडा आणि भुरी या बुरश्या आहेत. ढालकिडा त्यांना खात नाही. कडक थंडीत तो मंदावतो, आणि जहाल औषध मारले की आधी तोच मरतो. त्याचा गुण दिसायला धीर धरावा लागतो. मुख्य म्हणजे रोज झाडाजवळ जाऊन पाहणारा माणूस लागतो. हा माणूस कोण? मालक आठवड्यातून दोनदा येतो, सल्लागार पंधरवड्याने. रोज प्रत्येक घड हातात धरतो तो मजूर.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बागेतल्या मजुराला दहापट मोठे दाखविणारे भिंग द्या. शत्रू कोणता, मित्र कोणता, याचे शिक्षण कामाच्या वेळेत, भर पगारी द्या. कीड पाहून नोंद करणे हे काम समजा आणि त्याची मजुरी द्या. आणि "आज फवारू नका, पिले चालताहेत," असे एखादी बाई म्हणाली, तर पंप खाली ठेवून आधी तिच्याबरोबर वेलीपाशी जा.

आम्ही त्या दिवशी गेलो नाही. आपण जाल, अशी आशा धरून आपली रजा घेतो.