संगणकाची देवडी आणि माजघर

घरात नवी वस्तू आली म्हणजे जुनीला निरोप द्यावयाचा, हा आपला नित्याचा व्यवहार आहे. संगणकाची जुनी डिस्क मंदावली की आपण नवी, वेगवान डिस्क बसवितो, तीवर विंडोज नव्याने घालतो आणि आठपंधरा दिवस सारे सुरळीत चालले की जुनी डिस्क काढून टाकतो. पुष्कळदा येथेच घोटाळा होतो. संगणक सुरू करावा, तो विंडोजची खूण उमटतच नाही. नवी डिस्क धडधाकट असते; तीवरचे विंडोज शाबूत असते; मुलांची छायाचित्रे आणि दुकानाचे हिशेब जागच्या जागी असतात. मग अडते कोठे?

याचे उत्तर डिस्कच्या आतील वाटणीत आहे. बाहेरून एकच दिसणारी डिस्क आतून अनेक भागांत विभागलेली असते. या प्रत्येक भागाला पार्टिशन म्हणतात. जुन्या वाड्याला जशी देवडी असे आणि आत माजघर असे, तशीच ही रचना आहे. संगणकाला वीज मिळताच मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम जागे होते. विंडोज कोठे नांदते आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याला केवळ देवडी ठाऊक असते. त्या लहानशा पार्टिशनमध्ये बूट मॅनेजर नावाचा प्रोग्राम आणि बीसीडी नावाची नोंदवही असते. विंडोज कोणत्या पार्टिशनमध्ये आहे, हे त्या वहीत लिहिलेले असते. ते वाचून बूट मॅनेजर पुढची वाट दाखवितो, आणि मग माजघराचे दार उघडते.

आता नावांचा घोळ पाहा. ज्यात संगणक सुरू करणाऱ्या फाइली असतात, त्या देवडीला मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत ‘सिस्टिम पार्टिशन’ म्हणतात. आणि ज्यात विंडोजची सारी व्यवस्था असते, त्या माजघराला ‘बूट पार्टिशन’! सामान्य बुद्धीला हे नेमके उलटे वाटेल. परंतु विंडोज एनटीच्या काळापासून ही नावे अशीच रूढ आहेत. तेव्हा एवढेच ध्यानात ठेवावे : ‘विंडोज’ नावाचे फोल्डर जेथे आहे ते बूट, आणि तेथवर नेणारी वही जेथे आहे ते सिस्टिम.

ही दोन्ही ओळखावयाची कशी? विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी, ‘एक्स’ दाबावे आणि येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी आणि तीवरील चौकटी दिसू लागतील. ज्या चौकटीत ‘बूट’ हा शब्द आहे ते माजघर. त्याला बहुधा ‘सी’ हे अक्षर असते. नव्या धर्तीच्या, म्हणजे यूईएफआय फर्मवेअरच्या संगणकात देवडीवर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ असे लिहिलेले असते. तिचा आकार बहुधा १०० मेगाबाइटांच्या आसपास असतो आणि तिला अक्षर नसते. जुन्या बायॉस पद्धतीच्या संगणकात तिच्यावर ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे शब्द दिसतात. तेथे कधी कधी देवडी आणि माजघर एकाच पार्टिशनमध्ये असतात; मग सारे शब्द एकाच चौकटीत आढळतात.

इतक्या मोठ्या डिस्कवर हा चिमुकला, बिनअक्षरी तुकडा कशाला, असे म्हणून कोणी तो पुसून टाकू पाहतो. परंतु तो वेगळा राखण्यास सबळ कारण आहे. यूईएफआय फर्मवेअरला वाचता येते ती फॅट ही साधी मांडणी. विंडोज राहते ते एनटीएफएस या मांडणीत. शिवाय बिटलॉकरने माजघराला कुलूप घातले, तरी देवडी उघडीच राहावी लागते. नाहीतर कुलूप काढणारा आत यावा कसा?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. विंडोज नव्या डिस्कवर घालताना जुनी डिस्क जोडलेलीच असली, तर तीवर आधीच असलेली देवडी पुष्कळदा तशीच वापरली जाते. माजघर नव्या डिस्कवर, देवडी जुनीवर! दोन्ही डिस्का जागेवर आहेत तोवर कोणाला काही कळत नाही. म्हणून विंडोज घालतानाच जुनी डिस्क काढून ठेवणे उत्तम. ते झाले नसेल, तर जुनी डिस्क हलविण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या नीट पाहाव्यात. ‘बूट’ असलेल्या डिस्कवर देवडी मुळीच दिसत नसेल, तर जुनीला हात लावू नये. दोन्हींवर ‘ईएफआय’ दिसल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ ही आज्ञा द्यावी. बूट मॅनेजर कोणत्या पार्टिशनमधून चालतो, हे तेथे नोंदलेले असते. ती नोंद उलगडत नसेल, तर जाणत्याला दाखवावी.

आणि चूक होऊन गेलीच असेल, तर घाबरून नवी डिस्क मात्र फॉरमॅट करू नये. जुनी डिस्क पुसलेली नसेल, तर ती परत जोडताच संगणक बहुधा पूर्ववत सुरू होतो. पुसली असेल, तर जाणता माणूस नव्या डिस्कवर देवडी उभारून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने तीत आवश्यक त्या फाइली पुन्हा ठेवू शकतो. माजघरातील चीजवस्तू बहुधा जागच्या जागीच असते. हरवलेली असते ती केवळ तिच्याकडे जाणारी वाट.