बसगाडीचा अर्ज आणि सर्वोच्च न्यायालय



अन्याय्य कायद्याशी कायद्यानेच कसे लढावे, हा आजचा विषय आहे. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात असा निवाडा दिला की, सोयी सारख्या असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्यात घटनेचा भंग होत नाही. प्रत्यक्षात वेगळेपणा कसोशीने पाळला गेला. सारखेपणा कागदावरच राहिला.

चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाने नेमके येथेच बोट ठेवले. हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी तरुण वकिलांची पिढीच घडविली. थर्गुड मार्शल हे त्यांचेच शिष्य. त्यांचे म्हणणे साधे होते : सारख्या सोयींचे वचन दिले आहे ना? मग ते पाळा! १९३८ साली मिसुरीच्या लॉइड गेन्स खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, गोऱ्यांना कायद्याचे शिक्षण राज्यातच द्यायचे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला फी देऊन परराज्यात धाडायचे, ही समता नव्हे. १९५० साली ओक्लाहोमाचे मॅक्लॉरिन पुढे आले. त्यांना विद्यापीठात प्रवेश होता. पण वर्गात जागा वेगळी, ग्रंथालयात मेज वेगळे. न्यायालयाने तेही अमान्य केले.

परंतु वकील युक्तिवाद करून परततो; वादीला त्याच गावात राहायचे असते. दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात पालकांनी प्रथम मागितली ती केवळ मुलांना शाळेत नेणारी बसगाडी. ती मिळाली नाही, आणि मागणी अखेर वेगळ्या शाळांच्याच मुळावर गेली. अर्जावर सही करणाऱ्या हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली, पत्नीचीही गेली. पालकांना एकत्र आणणारे धर्मोपदेशक जोसेफ डीलेन यांचे घर जळाले. तरी दावा मागे घेतला गेला नाही. तोच पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला, आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की, सार्वजनिक शाळांतील वेगळेपणा म्हणजेच विषमता.

ह्यूस्टन हा दिवस पाहू शकले नाहीत. ते १९५० सालीच निवर्तले. शिवाय निकाल लागताच शाळांची दारे उघडली, असेही झाले नाही. १९५५ च्या आदेशात निश्चित मुदत नव्हती. तिचा आधार घेऊन कित्येक राज्यांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली.

निवाड्यावर न्यायाधीशांची नावे राहतात, इतिहासात वकिलांची. पण पोटावर पाय येणार हे ठाऊक असूनही जी माणसे अर्जावर सही करतात, त्यांच्यामुळे खटला उभा राहतो. त्यांच्या पाठीशी समाज उभा राहिला नाही, तर उत्तम निकालही दप्तरात पडून राहतो.