आधी हंगाम, मग बाद फेरी



नाशिकच्या पंचवटीत भरलेल्या शारीरिक शिक्षण संचालक आणि प्रशिक्षकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. महाविद्यालयीन क्रीडेचे अनेक प्रश्न आज इथे मांडले गेले. मी एकाच खेळाबद्दल आणि एकाच मागणीबद्दल बोलणार आहे. खेळ टेनिसचा आणि मागणी अशी की, संघाला मोठ्या स्पर्धेला पाठवण्याआधी आपण त्याला खेळायला हंगाम दिला पाहिजे.

आपल्या स्पर्धांचा क्रम आपल्याला पाठ आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून नाशिक विभागाचा संघ निघतो. पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगर यांच्यासह आंतरविभागीय स्पर्धा होते आणि त्यातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ ठरतो. पुढे भारतीय विद्यापीठ महासंघाची पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथे पहिल्या चारांत आलेल्यांसाठी अखिल भारतीय स्पर्धा, आणि तिथल्या आघाडीच्या संघांसाठी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. पण सुरुवातीपासूनच गाठ पडते ती बाद पद्धतीशी. पहिल्या दिवशी सकाळी हरलेला संघ दुपारी घरी परततो. त्या महाविद्यालयाचे टेनिस तिथेच संपते आणि पुढच्या वर्षीचे पत्रक येईपर्यंत ती मुले संघ म्हणून पुन्हा एकत्र येत नाहीत. म्हणजे आपल्याकडे बाद फेरी आहे, पण तिच्या आधीचा हंगामच नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन टेनिस पाहा. तिथले संघ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत एकमेकांशी आठवड्यामागून आठवडे लढती खेळतात आणि त्यानंतर मे महिन्यात तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) पहिल्या श्रेणीतील ६४ संघ बाद फेरीत उतरतात. लढतीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. आधी दुहेरीचे तीन सामने होतात आणि त्यांचा मिळून एक गुण असतो. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. चार गुण आधी मिळवेल तो संघ विजयी. सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा गुण पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूइतकाच मोलाचा ठरतो. म्हणून तिथे प्रशिक्षकाला सहाव्या मुलाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते.

या हंगामातून काय घडते, ते आपल्याच खेळाडूंनी दाखवले आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत होता. २००६ मध्ये त्याने एनसीएएच्या एकेरीची अंतिम फेरी गाठली आणि तो हरला. २००७ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला, जॉन इस्नरला हरवून विजेता झाला आणि २००८ मध्ये त्याने ते विजेतेपद राखले. हरल्यावर सुधारायला त्याच्यापुढे सामन्यांनी भरलेले आणखी एक वर्ष होते. पुढे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने एकेरी आणि दुहेरी अशी दोन सुवर्णपदके मिळवली.

दुसरे नाव तर आपल्या अगदी शेजारचे. ऋतुजा भोसले मूळची श्रीरामपूरची. तो भाग आपल्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे रोहन बोपण्णाच्या साथीने अंतिम सामन्यात पहिला सेट गमावल्यावर तिने मिश्र दुहेरीचे आशियाई सुवर्ण जिंकले. जिथे प्रत्येक लढत दुहेरीने सुरू होते, तिथे तिची ती वर्षे गेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे दोन एकेरी सामन्यांनंतर लढत १-१ अशी अडली की दुहेरीच निर्णायक ठरते आणि तरी दुहेरीची जोडी आपण आदल्या संध्याकाळी ठरवतो! ऋतुजाच्या यशाचा आपल्याला अभिमान आहे. पण तसा हंगाम खेळायला आपल्या मुलींना टेक्सासपर्यंत जावे लागू नये, ही जबाबदारीही आपलीच आहे.

नाशिकच्या मातीत कस आहे, हे सिद्ध करायची गरज नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगसाठी उतरले. आपले विद्यापीठही कमी नाही. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पुणे विद्यापीठाने पंजाब विद्यापीठाइतकीच १७ सुवर्णपदके जिंकली. रौप्यपदके कमी पडली म्हणून दुसरे स्थान मिळाले.

मात्र धावण्याचा सराव गावच्या रस्त्यावरही सुरू होतो. टेनिसला कोर्ट लागते आणि कोर्टाला दार असते. ज्याच्या पालकांना क्लबचे सभासदत्व, प्रशिक्षकाचे शुल्क आणि दर महिन्याला बदलावी लागणारी रॅकेटची तार (गटिंग) परवडते, तो मुलगा आठव्या वर्षी आत जातो. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून शिकायला आलेल्या मुलीला रॅकेट पहिल्यांदा हातात मिळते, ती महाविद्यालयातच. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. माणूस म्हणून समान हक्कासाठी दिलेल्या त्या लढ्याशी खेळाची तुलना मी करणार नाही. पण दार कोणासाठी उघडे आहे, हा प्रश्न जिथे इतक्या धैर्याने विचारला गेला, त्या भूमीवर आपण शिक्षकांनी तो आपल्या क्षेत्राला विचारलाच पाहिजे. महाविद्यालयाचा संघ हेच त्या मुलीचे दार आहे. दोन-तीन खेळाडूंत लढत संपत असेल, तर चौथ्या क्रमांकावरची ती कायम कोर्टाबाहेर बसून टाळ्या वाजवत राहील.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. पावसाळा संपला, पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नाशिक विभागातील महाविद्यालयांनी साखळी स्पर्धा खेळावी. नाशिकच्या थंडीइतकी टेनिसला अनुकूल हवा दुसरी नाही. रविवारी सकाळी लढती ठेवाव्यात आणि एकाचे कोर्ट दुसऱ्याने वापरावे. आधी दोन दुहेरी, मग चार एकेरी असे स्वरूप असावे. याच काळात आंतरविद्यापीठ स्पर्धा येतात, अशी शंका काढली जाईल. त्यासाठी दोन-तीन खेळाडू बाहेर जातील, तर त्यांच्या जागी राखीव खेळाडूंना संधी मिळेल. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीत या साखळीतील कामगिरी धरली जावी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्रीडेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. ते हजेरीपटावर न देता खेळलेल्या लढतींवर द्यावेत. आणि सरावाला केस गेलेले चेंडू देऊन सामन्याच्या दिवशी नवा डबा उघडण्याची सवय आपण सोडू. नवा चेंडू वेगळा उसळतो, हे मुलांना पश्चिम विभागाच्या पहिल्या सर्व्हिसला कळणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या महाविद्यालयांकडे कोर्ट आहे त्यांनी ते देण्याची तयारी आजच नोंदवावी. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी संघाची नोंद करावी. हे अधिवेशन संपण्याआधी पाच जणांची समिती नेमून तिच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या रविवारचे वेळापत्रक सोपवावे, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. आपण तो एकमताने संमत करावा, ही विनंती.