पीक विम्यातील फसवणूक : ओळखावी कशी, कळवावी कोठे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल पाहतो, पावती मागतो, पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला पुरावा लागतो, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. विम्याच्या बाबतीत मात्र आपण पैसे देतो आणि मोकळे होतो. पावतीवर काय लिहिले आहे ते भरपाईच्या वेळी पाहतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

खोट्या अर्जांचा भार कोणावर?

आपल्या राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा मिळू लागला. शेतकऱ्याचा बाकीचा हिस्सा शासन भरत होते. अर्ज भराभर वाढले. पण तपासणीत लाखो अर्ज बोगस निघाले. कोठे शासकीय किंवा देवस्थानच्या जमिनीवर विमा उतरवलेला, कोठे न पेरलेले पीक दाखवलेले, तर कोठे क्षेत्र वाढवून लिहिलेले. अखेर २०२५ मध्ये ही सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याला खरीप अन्नधान्य व गळीत पिकांसाठी जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता भरावा लागतो. हेक्टरी ५०,००० रुपयांचे संरक्षण असेल तर २ टक्क्यांनी १,००० रुपये झाले. खोटे अर्ज भरले कोणी आणि पैसे मोजतो कोण, याचा विचार करावा. म्हणून फसवणूक कळवणे हे आपलेच काम आहे.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१. तुमच्या जमिनीवर दुसऱ्याचा विमा : सातबारा आज कोणालाही संगणकावर पाहता येतो. त्याच्या आधारे खोटा भाडेकरार जोडून परस्पर अर्ज भरला जातो. तुम्ही केंद्रावर गेलात की, ‘या गटाचा विमा आधीच उतरला आहे,’ असे उत्तर मिळते.

२. हप्ता घेतला, अर्ज नाही : पैसे घेऊन ‘पावती उद्या न्या’ असे सांगितले जाते. किंवा पावती मिळते, पण तिच्यावर गट, पीक अथवा खाते क्रमांक भलताच असतो. अर्ज भरण्याचे मानधन केंद्रचालकाला विमा कंपनी देते. हप्त्यावर वेगळी ‘अर्जाची फी’ मागितली तर ती देऊ नये.

३. वाटणीचे आमिष : ‘क्षेत्र थोडे वाढवून लिहू, मिळेल त्यात निम्मे,’ असे सांगणारा भेटतो. लक्षात ठेवा, कागदावर सही तुमची असते. बोगस विमा सिद्ध झाल्यास खातेदाराला किमान ५ वर्षे काळ्या यादीत टाकून शासकीय योजनांचा लाभ बंद करण्याची आणि फौजदारी कारवाईची तरतूद २०२५ मध्ये झाली आहे. सांगणारा नामानिराळा राहतो.

४. फोनवरून : ‘तुमचा विमा मंजूर झाला आहे, प्रक्रिया शुल्क भरा,’ किंवा ‘मोबाईलवर आलेला आकडा सांगा,’ असा फोन येतो. भरपाई मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. मोबाईलवरचा ओटीपी कोणालाही सांगू नये.

अर्ज भरल्यावर काय तपासावे?

पावती हातात घेतल्याशिवाय केंद्रावरून उठू नका. नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, बँक खाते आणि हप्त्याची रक्कम तेथेच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत न्या. पावतीवरील क्रमांक पीक विम्याच्या शासकीय संकेतस्थळावर टाकला की अर्जाची स्थिती दिसते. आठ-पंधरा दिवसांनी ती पुन्हा पाहावी. ई-पीक पाहणीत तेच पीक नोंदवावे. विम्यात एक आणि पाहणीत दुसरे असे झाले तर खरा शेतकरीही अडचणीत येतो.

कर्जदार शेतकऱ्यांना खरीप २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. भाग घ्यायचा नसेल तर अंतिम तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवावे. नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो. कापला गेला असेल तर त्याच पिकाचा, त्याच गटाचा दुसरा अर्ज भरू नये.

तक्रार कोठे करावी?

प्रथम १४४४७ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. नुसत्या फोनवर थांबू नका. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, त्याची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्ही ठिकाणी पोच घ्या. सोबत सातबारा, पावती व पासबुकाची झेरॉक्स जोडा. दाद लागली नाही तर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका तक्रार निवारण समितीकडे जावे. खोटी सही किंवा बनावट करार आढळल्यास पोलिसांत तक्रार द्यावी. फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

बऱ्याचदा केंद्रचालक गावातलाच, ओळखीचा असतो. ‘कशाला वाईटपणा घ्या,’ म्हणून आपण गप्प बसतो. पण दुष्काळात किंवा अतिवृष्टीत हातचे पीक गेले की आधार राहतो तो याच कागदाचा. तो खोटा निघाला तर वर्ष वाया जाते. तेव्हा यंदा विमा उतरवताना बियाण्याच्या पिशवीइतकीच काळजी विम्याच्या पावतीची घ्या, एवढेच सांगून मी थांबतो.