सोडलेला मासा परत बोलावता येत नाही



आज आम्ही तुम्हांला एका लांबच्या नदीची हकिकत सांगणार आहोत. नदी अमेरिकेत आहे. तिचे नाव कोलोरॅडो. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली नदी घेऊन आम्हांला काय करायचे? पण ही हकिकत धरणाची आहे, तलावाची आहे आणि तलावात सोडलेल्या माशांची आहे. धरणे आपल्याकडेही आहेत. तलावात माशांचे बीज आपणही सोडतो. तेव्हा ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

कोलोरॅडो हा स्पॅनिश भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ तांबडी. नदीचे पाणी गाळाने तांबडे दिसे, म्हणून हे नाव पडले. नदी सुमारे 2,300 किलोमीटर लांब आहे. ती बर्फाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे वाळवंटातून वाहते. डोंगरावरचे बर्फ वितळले की नदीला मोठा पूर येई. पुढे पूर ओसरे, ऊन तापे आणि पाणी कोमट होई. कधी लोंढा, कधी गाळ, कधी ऊन. अशा नदीत जगणे सोपे नाही.

पण काही मासे तेथे लाखो वर्षांपासून जगत आले. एक होता पाइकमिनो. तो पूर्वी सहा फुटांपर्यंत वाढे, म्हणजे पुरुषभर लांब! दुसरा चब. त्याच्या मानेमागे बैलासारखे वशिंड असते. तिसरा सकर. त्याच्या पाठीवर वस्तऱ्यासारखी धार असते. चौथा बोनीटेल. त्याची शेपटीकडची बाजू अगदी हाडकुळी. हे चारही मासे जगात दुसऱ्या कोणत्याही नदीत नाहीत. ते फक्त कोलोरॅडोत आणि तिला मिळणाऱ्या नद्यांत सापडतात.

मग माणसाने नदीवर धरणे बांधली. 1935 साली हूवर धरण पुरे झाले. त्याची उंची 221 मीटर. त्याच्या मागे लेक मीड नावाचा प्रचंड तलाव झाला. 1963 साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवले. तेथे लेक पॉवेल झाला. वाळवंटातल्या शहरांना पाणी मिळाले, शेतीला पाणी मिळाले, वीज मिळाली. हे फायदे खरे आहेत. ते कोणी नाकारत नाही.

धरणाने आणखी एक गोष्ट केली. नदीचा स्वभाव बदलला. गाळ तलावात खाली बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. वाहते पाणी उभे राहिले. धरणाच्या पोटातून सोडलेले पाणी गार असते. त्यामुळे खालची नदीही गार झाली. जुन्या माशांना हे पाणी मानवेना.

आता अमेरिकेत हौसेखातर गळाने मासे धरणारे लोक फार आहेत. पोटासाठी नव्हे, मौजेसाठी. ते त्यासाठी सरकारी परवाना घेतात, बोटी घेतात, तलावाकाठी मुक्काम करतात. त्यातून सरकारला पैसा मिळतो, गावातल्या दुकानदारालाही मिळतो. या हौशी लोकांना गळाला लागल्यावर झुंजणारा मासा हवा असतो. जुने मासे त्यांना आवडत नसत. त्या माशांना ते ‘कचरा मासे’ म्हणत. म्हणून नव्या तलावांत बाहेरचे मासे आणून सोडले. देशाच्या पूर्व भागातला बास आणला. थंड पाण्यातला ट्राउट आणला. मोठ्या माशांना खायला हवे, म्हणून शॅड नावाचा लहान मासाही आणून सोडला.

1962 साली तर कहर झाला. ग्रीन नावाची नदी कोलोरॅडोला मिळते. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण बांधून होत आले होते. नव्या तलावात ट्राउट सोडायचा बेत होता. पण जुने मासे तेथे असले, तर ट्राउटला जागा आणि खाणे पुरणार नाही, असे अधिकाऱ्यांना वाटले. म्हणून सप्टेंबर महिन्यात ग्रीन नदीत आणि तिच्या उपनद्यांत 700 किलोमीटरहून जास्त अंतरावर विष सोडले. विषाचे नाव रोटेनोन. ते झाडाच्या मुळ्यांपासून काढतात. त्याने मासा गुदमरून मरतो. ओढ्यात पाला ठेचून टाकून मासे मारण्याची रीत आपल्यातही काहींनी पाहिली असेल. हा तसाच प्रकार, पण सबंध नदीवर!

काही शास्त्रज्ञांनी आधीच विरोध केला होता. त्यांचे कोणी ऐकले नाही. विष ठरल्या जागी थांबवायचे म्हणून पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकले. आपण विहिरीत टाकतो, तेच हे जांभळे औषध. पण विष थांबले नाही. ते वाहत खाली गेले आणि डायनोसॉर नावाच्या राखीव प्रदेशात शिरले. तेथले मासेही मेले. त्यावरून बरीच ओरड झाली. 1963 साली सरकारातले मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी सांगितले की, यापुढे दुर्मिळ जातीचा नाश होण्याचा धोका असेल, तर त्याचा विचार आधी व्हायला हवा. पुढे 1973 साली नाहीशा होत चाललेल्या जीवांना जपण्याचा कायदा झाला. वर सांगितलेले चारही मासे आज सरकारी संरक्षणाखाली आहेत.

आता पट्टेदार बासची गोष्ट ऐका. हा मासा मूळचा अटलांटिक समुद्रकाठचा. अंडी घालायला तो समुद्रातून नदीत चढतो. त्याची अंडी वाहत्या पाण्यावर तरंगत जातात आणि मग फुटतात. 1969 साली त्याला लेक मीडमध्ये सोडले, 1974 साली लेक पॉवेलमध्ये. जाणत्यांचा हिशेब असा होता की, तलावाच्या उभ्या पाण्यात याची वीण होणार नाही. आपण सोडू तेवढेच मासे राहतील. पण माशाने हिशेब ऐकला नाही! त्याची वीण झाली, आणि भरमसाट झाली. त्याने तलावातला शॅड खाऊन फस्त केला. मग त्यालाच खायला उरेना. मासे रोडावले, हाडाला कातडे चिकटले. शेवटी लेक पॉवेलवर सांगावे लागले की, हा मासा वाटेल तितका धरा, त्याला मर्यादा नाही. हौसेने आणलेला पाहुणा घरात मावेनासा झाला.

जुन्या माशांचे काय झाले? मोठा मासा तग धरतो. सकर तर चाळीस वर्षांहून जास्त जगू शकतो. लेक मोहावे नावाच्या तलावात असे म्हातारे सकर पुष्कळ होते. ते दरसाल अंडी घालत. अंडी फुटतही. पण पिल्ले टिकत नसत. नितळ पाण्यात बाहेरच्या माशांना पिल्ले स्वच्छ दिसत आणि ते ती गिळून टाकत. वरवर पाहता तलावात सकर होते. पण सगळे म्हातारे. गावात म्हातारी माणसे आहेत, पण पाळणा एकाही घरात हलत नाही, तसे ते झाले. अशा गावाचे पुढे काय व्हायचे?

म्हणून आता तेथे माणसे रात्री दिवे घेऊन तलावावर जातात. उजेडाकडे पिल्ले येतात. ती जाळीने टिपून घेतात, वेगळ्या तळ्यांत वाढवतात आणि मोठी झाली म्हणजे तलावात सोडतात. जे काम नदी फुकट करत होती, ते आता माणसाला पैसे खर्चून करावे लागते.

आणि खर्च संपतच नाही. 2022 साली लेक पॉवेलचे पाणी फार उतरले. तलावात वरचे पाणी कोमट असते. पाणी उतरल्यामुळे ते कोमट पाणी वीजघराच्या नळांच्या तोंडाशी आले. त्याबरोबर तलावातले बास धरणाखालच्या नदीत गेले. तेथे त्यांची पिल्ले सापडली. खाली ग्रँड कॅनियन नावाची खोल दरी आहे. वशिंडवाल्या चबची सर्वांत मोठी वस्ती तेथेच उरली आहे. बास तेथवर पोचला, तर चबची पिल्ले गिळणार. म्हणून 2024 सालच्या उन्हाळ्यात धरणाच्या खालच्या नळांतून गार पाणी सोडले. हेतू हा की, नदी गार राहावी आणि बासची वीण होऊ नये. पण ते पाणी वीजघरातून जात नाही. तेवढी वीज बुडाली. जुन्या हौसेचे देणे आजची माणसे फेडत आहेत.

मंडळी, शेतात नको ते बी पडले, तर आपण खुरपून काढतो. मासा खुरपता येत नाही. तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. तो वाढतो, आणि पुराबरोबर दुसऱ्या गावाच्या पाण्यात जातो.

आपल्याकडेही बाहेरचे मासे आले आहेत. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. तो 1952 साली भारतात आणला. आज उजनीच्या जलाशयात तो भरपूर आहे. त्यावर कित्येक कुटुंबांचे पोट चालते, हे खरे. पण चिलापीची वीण झपाट्याने होते, आणि आपले जुने मासे त्याच्यापुढे मागे पडतात, हेही खरे. आफ्रिकी मांगूर तर त्याहून खादाड. मिळेल तो मासा तो खातो. म्हणून 2000 साली सरकारने तो पाळायला बंदी केली.

मग तलावात मासे सोडूच नयेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. मासा हे चांगले अन्न आहे, आणि मासे पाळणे हा चांगला धंदा आहे. पण बीज सोडण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हा मासा मूळचा कोठला? तो काय खातो? पूर आला तर तो कोठे जाईल? आणि आपल्या पाण्यातले जुने मासे कोणते, त्यांचे काय होईल? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बोटुकली पाण्यात सोडू नये. मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला विचारावे. गावातल्या जुन्या कोळ्यालाही विचारावे. त्याला पाण्याची माहिती असते. कोणी स्वस्तात बीज देतो म्हणाला, तर बीज कोणत्या माशाचे आहे ते आधी पाहावे. घरातल्या काचेच्या पेटीतले मासे नकोसे झाले, म्हणून ते ओढ्यात ओतू नयेत.

अमेरिकेजवळ पैसा होता, यंत्रे होती, शिकलेली माणसे होती. तरीही सोडलेला मासा त्यांना परत बोलावता आला नाही. आपण तर आधीच विचार केलेला बरा.