जुना देणगीदार आणि नवा देणगीदार
(वार्षिक सभेतील भाषण)

सभेत जे बोललो तेच येथे आपणापुढे ठेवीत आहे. विषय पैशाचा, म्हणून थोडा रुक्ष आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्यासारख्या संस्था चंद्यावर चालतात. रमजान आला की कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या बाजारपेठा पालथ्या घालतात. नव्या दुकानात पावती फाटली की हुरूप येतो. येऊ द्या. पण गेल्या वर्षी ज्याने शंभर रुपये दिले, त्याच्याकडे यंदा कोण गेले?

हिशेब करून पाहा. समजा 100 देणगीदार आहेत आणि दरवर्षी शेकडा 60 पुन्हा देतात. तीन वर्षांनी त्यांतले 22 उरतात. शेकडा 80 टिकले, तर 51 उरतात. नववीतल्या ज्या मुलीच्या फी-पुस्तकांचा भार आपण उचलला, ती बारावीला पोहोचेपर्यंत हीच तीन वर्षे जातात. मुलगी तीच, गरज तीच, देणारे मात्र 22! मग तिचे शिक्षण अर्ध्यावर सुटते आणि आपण तिच्या नशिबाला बोल लावतो.

जुन्यांवरच विसंबावे, असेही नाही. वडीलधारी माणसे अल्लाला प्यारी होतात, मुले पुण्याला-मुंबईला जातात. नवी दारे ठोठावावीच लागतात. सर सय्यद अहमद खानांनी अलीगढच्या कॉलेजसाठी हिंदू-मुसलमान सर्वांपुढे झोळी पसरली. तेथील स्ट्रॅची हॉलच्या भिंतींवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. दगडावरच्या नावाचा मोह नव्या माणसाला ओढून आणतो. परंतु नाव एकदा कोरले की देणाऱ्याचे काम संपले, असेही त्याला वाटू शकते.

आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचा मुष्टिफंड पाहा. घरच्या बाईने दळणाच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगच्या मुलांसाठी द्यायचे. मूठ लहान, पण रोजची. त्या घराला संस्थेचा विसर पडणार कसा? महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले. तरी 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून कर्वे पुन्हा लहान लहान वर्गण्या मागत फिरले. मोठा दाता मिळाला म्हणून लहानांना विसरले नाहीत.

जुना देणगीदार तुटतो तो बहुधा गरिबीमुळे नव्हे. त्याच्या पैशाचे काय झाले, हे त्याला कुणी सांगत नाही. जकात दिली असेल तर ती हक्कदार गरीब विद्यार्थ्यालाच पोचली पाहिजे. तिच्यातून वर्गखोलीची भिंत उभारणे बहुतेक उलेमांच्या मते योग्य नाही. इमारतीसाठी वेगळी मदत मागावी, तिची पावतीही वेगळी असावी. दोन हजारांच्या वरची रोख देणगी 2017 पासून आयकर सवलतीत बसत नाही, हेही देणाऱ्यास आधीच सांगावे. मागाहून कळले की तो आपल्यावरच रागावतो, आणि ते बरोबरच आहे.

मागण्याची वेळही पाहावी. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2015 साली तो जून-जुलैत, ऐन पेरणीत आला होता. तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय असणार? त्याच्याकडे सोयाबीन निघाल्यावर किंवा तूर विकल्यावर जावे. जकात रमजानमध्येच द्यावी असे बंधन नाही, सदक्याला तर बाराही महिने मोकळे आहेत.

चार संध्याकाळी फिरायचे असेल, तर तीन जुन्या दारांसाठी ठेवाव्यात, एक नव्यासाठी, असे माझे मत आहे. काहींना हे प्रमाण उलटे हवे आहे. त्यांनी गेल्या तीन वर्षांच्या स्थळप्रती समोर घेऊन किती नावे पुन्हा आली ते एकदा मोजावे. जुन्याकडे जाताना पावतीपुस्तक खिशातच राहू द्या. आधी मुलांचा निकाल दाखवा, खर्चाचा कागद दाखवा, चहा घ्या. निघताना विचारा, "चाचा, आपल्या ओळखीचे आणखी कोण आहे?" आणि त्यांचा मुलगा घरी असेल तर त्यालाही बोलावून घ्या, पुढची पावती त्याच्या नावाने फाटायची आहे.